लावणीची कंबर

भाताची लावणी हे वजन उचलण्याचे काम नाही. तीन-चार रोपांची चिमूट अंगठ्याने चिखलात खोचायची, पाऊल मागे घ्यायचे, पुन्हा खोचायची. रोपाला वजन ते काय असणार? कंबर मोडते ती आपल्याच धडाच्या भाराने. रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात आषाढ लागला की ही कंबर घरोघरी दुखते. महाबळेश्वरच्या माथ्यावरून उतरलेल्या सावित्रीचे हे खोरे. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे, आणि शेती उतारावरच्या अरुंद खाचरांत. पॉवर टिलर वर चढवतानाच जिथे चार माणसे लागतात, तिथे लावणीचे यंत्र कुठून पोचणार? आवण, म्हणजे भाताची रोपे, खणायचे, मुठी बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या आणि लावायच्या, हे सगळे माणसाच्या पाठीवर. त्यातही बाईच्या.

वाकल्यावर पाठीत काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. अर्धवट वाकलेल्या माणसाचे धड कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू तोलून धरतात. पुरते वाकले की मात्र हे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी स्नायूंतले विद्युतप्रवाह मोजून १९५५ मध्ये हे नीट मांडले. बंध रबरासारखे ताणून लगेच परत येत नाहीत, ओल्या सुतळीसारखे हळूहळू सैलावतात. वीस मिनिटे तसेच वाकून राहिले, तर ते पूर्ववत व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून घात होतो तो लावताना नव्हे. पात संपवून सरळ होताच मुठींची टोपली उचलायला जावे, त्या क्षणी कमरेत चमक भरते.

या दुखण्याबद्दल पोलादपूरच्या घरांत दोन मते नांदतात. इथे ती एका आजीच्या आणि तिच्या फिजिओथेरपी शिकलेल्या नातीच्या तोंडी घातली आहेत. दोघी कल्पित आहेत, मते मात्र खरी.

आजी : अंग आंबलंय, दुसरं काय? पहिल्या पावसात पयल्यांदा वाकलं की आंबतंच. तेल लाव, शेक घे, आणि उद्या परत शेतात जा. तिसऱ्या दिवशी अंग मोकळं होतं.

नात : तिसऱ्या दिवसाचं तुझं बरोबर आहे. पण आजी, त्यात आंबट असं काही नसतं.

‘आंबणे’ या शब्दात एक जुना समज लपलेला आहे, आणि गंमत म्हणजे विसाव्या शतकातल्या शरीरशास्त्रानेही तो बराच काळ बाळगला. श्रमाने स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते आणि तेच दुखते, असे पाठ्यपुस्तकांत असे. हे आम्ल तर काम थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून जाते, आणि अंग दुखू लागते दुसऱ्या दिवशी. अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच सुचवले होते की कारण स्नायूच्या तंतूंतल्या बारीक फाटण्यात असावे. आजचे मत त्याच दिशेचे आहे : ताणाखाली लांबत असताना जोर लावणाऱ्या स्नायूला सूक्ष्म इजा होते, तिथे सूज येते, आणि २४ ते ७२ तासांत दुखणे शिगेला पोचते. प्रतापगडाहून उतरलेल्या हौशी माणसाला याचा अनुभव असतो. चढताना नुसता दम लागतो. मांड्या धरतात त्या उताराने. स्नायूला एकदा असा ताण बसला, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने तो फारसा दुखत नाही. आजीचे ‘तिसऱ्या दिवशी मोकळं’ यातूनच येते. म्हणूनच लावणीला दोन दिवसांची रजा काढून मुंबईहून येणारा चाकरमानी सगळ्यांत जास्त कण्हतो. तिसरा दिवस उजाडेपर्यंत तो परतीच्या गाडीत बसलेला असतो, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे वर्षानुवर्षे रेंगाळलेले रुंदीकरण उरलेले काम पुरे करते.

आंबलेले अंग ही एक गोष्ट झाली. उसण भरणे वेगळे : एखाद्या हालचालीला अचानक कळ येते, पाठीचा स्नायू दगडासारखा आखडतो, श्वास घेणेही नको होते. तिसरे दुखणे कमरेतून कुल्ल्यात आणि तिथून पायाच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत उतरते. आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात, रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून. दोन मणक्यांमधली चकती सरकून नसेच्या मुळाशी टेकली, की बहुधा हे होते. घरगुती उपायांवरच्या भांडणातला निम्मा गोंधळ ही तीन दुखणी एकच मानल्यामुळे होतो.

नात : तू सगळ्याला निगडीचा पाला लावतेस.

आजी : सगळ्याला लागू पडतो म्हणून लावते.

निगडी म्हणजे निरगुडी. बांधावर आणि ओढ्याकाठी ती आपोआप वाढते. पाला पाण्यात उकळून त्या पाण्याने अंघोळ करतात, नाहीतर पाला तव्यावर गरम करून कमरेला बांधतात. जाड्या मिठाची पुरचुंडी, वाळूची पुरचुंडी, एरंडाचे तेल लावून शेकलेले पान हे सगळे त्याच कुळातले. निरगुडीत सूज उतरवण्याचे गुण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहेत; पण पुरचुंडीच्या गुणातला मोठा वाटा उबेचाच. ऊब लागली की रक्तप्रवाह वाढतो, आखडलेला स्नायू सैलावतो, आणि त्वचेकडून जाणारी उबेची जाणीव कळेची जाणीव काहीशी झाकून टाकते. नव्या कंबरदुखीत शेकाने थोडे दिवस थोडा आराम पडतो, एवढे वैद्यकीय चाचण्यांतही दिसले आहे. थोडा, पण खरा. तेव्हा इथे आजी जिंकते, मात्र काही अटींवर. पुरचुंडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. शेक पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. शेकता शेकता झोपू नये. मधुमेहाने कातडी बधिर झालेल्या माणसाला चटका कळत नाही, त्याला शेक दुसऱ्याने द्यावा. पाय मुरगळून नुकताच सुजला असेल, तर पहिला दिवस-दोन दिवस ऊब टाळून माठातल्या पाण्याची ओली पट्टी बरी.

तेलाबाबत नातीचे म्हणणे असे, की खोबरेल असो, तिळाचे असो की मोहरीचे, ते स्नायूपर्यंत झिरपत नाही. झिरपण्याची गरजही नसते. तेलाने हात सरकतो, आणि काम करतो तो हात. चोळल्याने अंगदुखी एखादा दिवस सौम्य होते, आणि चोळून घेणाऱ्याला कुणीतरी आपल्याकडे पाहते आहे असे वाटते. हा दुसरा परिणाम मोजता येत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. दिवसभर वाकलेल्या बाईचे अंग पोलादपुरात कोण चोळते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारलेला नाही. बहुतेक घरांत ती चोळते, तिचे कोणी चोळत नाही.

आजी : तेल नाय चालत, मंग त्या बामाचं काय? तो तर तूच आणतेस.

अमृतांजन १८९३ साली मुंबईत निघाले, आणि तेव्हापासून बाम मराठी घराच्या फळीवरून हललेला नाही. या मलमांतली पुदिन्याची आणि गंधपुऱ्याची द्रव्ये त्वचेवर थंड-गरम अशी चुणचुण उठवतात आणि मेंदूचे लक्ष खोल दुखण्यावरून काढून वर आणतात. मिरचीच्या अर्काच्या मलमाचे काम थोडे पुढे जाते. कळ वाहून नेणारे तंतूच ते काही काळ थकवते. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत वनौषधींपैकी मिरचीच्या लेपाला मुभा आहे. याचा अर्थ घरची लवंगी वाटून पाठीला फासावी असा नाही; फोड येतील. बाम लावलेल्या जागेवर शेक देऊ नये, दोन्ही मिळून भाजते.

बिब्बा मात्र साफ बंद झाला पाहिजे. त्याच्या तेलाने कातडी जळते, जखम चिघळते, डाग जन्मभर राहतो. तापल्या सळईने डागण्याचेही तसेच. एक नवी कळ जुन्या कळेला तेवढ्यापुरती विसरायला लावते, यापलीकडे त्यात काही नाही. आजीही इथे फार हट्ट धरत नाही, कारण डागलेल्या पाठी तिने पाहिलेल्या असतात.

उसण उतरवण्याची एक रीत मात्र दोघींना हसवते. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू, माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असा समज महाराष्ट्रभर आहे.

नात : आणि तो पायाळू नसला तर?

आजी : तर गुण येत नाय.

नात : बघ, बहुतेक उसण आठ-पंधरा दिवसांत आपोआपच सुटते. ज्याचा पाय त्या वेळी पाठीवर होता, त्याला मान मिळतो.

पाय अलगद टेकवला तर अपाय नाही. पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवर पोराला उभे करून तुडवून घेणे मात्र उतारवयात धोक्याचे. पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. मणका चेपायला फार वजन लागत नाही.

आता विश्रांती. इथे विज्ञानाने स्वतःचेच मत फिरवले. एके काळी कंबर धरली की डॉक्टर आठ-पंधरा दिवस, तेही फळीवर, झोपून राहायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत सात दिवस झोपवलेले आणि दोन दिवस झोपवलेले रुग्ण सारखेच बरे झाले. दोन दिवसवाले कामावर लवकर गेले इतकाच फरक. १९९५ मध्ये हेलसिंकीतल्या अभ्यासाने त्याही पुढे जाऊन दाखवले, की झेपेल तसे रोजचे काम चालू ठेवणारे अंथरुणावर पडलेल्यांपेक्षा लवकर सुधारले. आजीचे ‘उद्या परत शेतात जा’ हे अशा रीतीने हेलसिंकीहून खरे ठरून आले. पण पुरते नाही. ‘झेपेल तसे’ हे शब्द तिच्या सल्ल्यात नव्हते. आणि लावणीच्या दिवसांत ते पाळायचे स्वातंत्र्य मजुरीवर गेलेल्या बाईला नसते.

फळीचेही तसेच. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेली चाचणी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आली. तिच्यात कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांची जुनी कंबरदुखी अधिक कमी झाली. जमिनीवर दोन गोधड्या अंथरल्या तरी पुष्कळ. उताणे झोपताना गुडघ्यांखाली, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये घोंगडीची घडी घ्यावी. कमरेची ओढ सुटते.

कमरेच्या पट्ट्यावर दोघींनी बाजू बदललेल्या दिसतात. नऊवारीचा काष्टा आणि बाळंतिणीची बांधलेली कंबर पाहिलेल्या आजीला आवळून बांधणे पटते. शहरातून आलेला इलॅस्टिकचा पट्टा लेकीसुनाही वापरतात. नात सांगते, तो सवयीचा होऊ देऊ नका. २०२३ च्या त्याच सूचनांत कमरेचे पट्टे आणि वजने लावून कंबर ताणणे या दोन्ही गोष्टी नित्याच्या उपचारात नकोत असे म्हटले आहे. व्यायाम, माहिती आणि मालिश यांना मात्र तिथे जागा आहे.

घरी करायच्या हालचालींत सर्वांत सोपी म्हणजे पालथे पडणे. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात १९५६ मध्ये एक रुग्ण चुकून डोक्याकडे उंच केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. कंबर मागे वाकलेली. कुणी आलेच नाही. काही मिनिटांनी तो उठला तेव्हा पायात उतरणारी त्याची कळ कितीतरी कमी झाली होती. या अपघातातून एक उपचारपद्धती उभी राहिली. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीसाठी ती मुद्दाम केल्यासारखी आहे : दोन मिनिटे पालथे, मग कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटे, मग हात सरळ करून सावकाश आठ-दहा वेळा. योगातले भुजंगासन याच्या जवळचे. पायातली कळ वर कमरेकडे सरकत असेल तर चालू ठेवावे, खाली पावलाकडे सरकत असेल तर थांबावे. ज्या म्हाताऱ्या माणसाचे पाय चार पावले चालल्यावर जड होतात आणि बसल्यावर मोकळे होतात, त्याची कण्यातली नळी अरुंद झालेली असू शकते. त्याला मागे वाकणे त्रासाचे, उताणे पडून गुडघे पोटाशी घेणे सुखाचे. शिवाय रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी उठल्याउठल्या पहिला तास वाकून काम टाळावे. अंगण झाडणे आणि शेण काढणे नेमके त्याच तासात येते. ते तासाभराने केले तर बिघडत नाही.

नात : आणि शेतात दर पंधरा मिनिटांनी सरळ व्हायचं, कमरेवर हात ठेवून मागे झुकायचं, पाच वेळा.

आजी : आम्ही व्हायचोच सरळ. मिसरी लावायला.

मिसरीने तोंडाचा कर्करोग होतो, तिची बाजू घेता येत नाही. पण मिसरी गेली आणि तिच्यासोबत सरळ उभे राहण्याचे निमित्तही गेले, हे नातीला मान्य करावे लागते. बांधावर चहाची किटली आणण्याचे कारण त्या जागी चालेल.

गोळ्यांविषयी थोडक्यात. ऑस्ट्रेलियात १६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पॅरासिटामॉलने नवी कंबरदुखी नकली गोळीपेक्षा लवकर बरी झाली नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी थोडा गुण येतो, पण उपाशीपोटी घेतल्यास जठराला आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्या इजा करतात. ‘सुई मारा’ हा आग्रहही याच औषधांचा, फक्त सुईतून.

मूत्रपिंडाची गोष्ट इथेच सोडून चालत नाही. पावसाळ्यात कोकणातल्या खाचरांत अंगदुखीचे आणखी एक कारण असते : लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांवाटे, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. चार दिवसांनी किंवा चार आठवड्यांनीही ताप येतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि अंग ठणकते, विशेषतः पोटऱ्या आणि कंबर. लावणी करून आलेल्या माणसाला हे लावणीचेच दुखणे वाटते.

आजी : ताप तर श्रमानेपण येतो.

नात : नाही आजी. श्रमाने अंग दुखतं, थंडी वाजून ताप येत नाही. पोटऱ्या दाबल्या तर ओरडायला झालं, डोळे लाल दिसले, लघवी कमी झाली, की शेक नाही, गोळी नाही, थेट दवाखाना.

या मुद्द्यावर मध्यममार्ग नाही. नात बरोबर आहे. लेप्टो लवकर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो, उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे घेतो. आणखी काही खुणांना घरगुती उपाय नाहीत : लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बैठकीची जागा बधिर होणे, पाय लुळा पडू लागणे, पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाची पाठ दुखणे, आणि रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप व वजन उतरणे. शेवटची तीन एकत्र आली तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी पोलादपूर किंवा महाडच्या सरकारी रुग्णालयात जावे, वाडी दूर असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उरतो तो प्रश्न वाकण्याचाच. उन्हाळ्यात पाण्यासाठी वाड्यावाड्यांतून फिरणारे हंडे हा त्याचा दुसरा भाग : एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बाईच्या चुंबळीवर पंधरा-पंधरा लिटरांचे, म्हणजे पंधरा-पंधरा किलोंचे, दोन हंडे चढतात, आणि त्याला कोणतेही तेल लागू पडत नाही. तिथे नळ हाच उपचार. शेतात मात्र निवड थोडी आपल्या हातात आहे. याच जिल्ह्यात, नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात गादीवाफे एकदा करून ठेवतात, पुन्हा नांगरत नाहीत, चिखलणी करत नाहीत. लोखंडी साच्याने भोके पाडून बी थेट टोकतात. बी टाकायला वाकावे लागतेच, पण आवण खणणे, मुठी वाहणे आणि लावणी ही तिन्ही वाकणी वाचतात.

आजी : आणि गवत? ते औषध मारायचं ना? आमच्या खाचरातलं पाणी खाली ओढ्याला जातं, त्यातच गुरं पितात.

ही हरकत पोकळ नाही. या पद्धतीत चिखलणीने दबणारे तण दाबायला तणनाशक वापरतात, आणि पोलादपूरच्या उतारावर एका खाचरातले पाणी खालच्या दहा खाचरांत जाते. पण कमरेच्या बाजूने पाहिले तर मिठाच्या पुरचुंडीपासून मॅकेन्झीपर्यंतचे सारे उपाय दुखणे आल्यानंतरचे आहेत, हा एकच आधीचा. घराजवळचे एखादे खाचर त्यासाठी काढून पाहायला हरकत नसावी. ज्याला यंदा पाहायचे असेल त्याने गादीवाफे पावसाआधीच तयार ठेवावेत. मृग लागून जमीन चिकटली की ते करता येत नाहीत.